घर आवडलं, पण वस्तीचं काय? (मुलाबाळांसाठी परिसर निवडण्याच्या कसोट्या)

पागोळी
मोठ्या शहरात घर शोधताना खोल्या, उजेड, नळाची धार, कपाटं हे सगळं वाकून वाकून तपासलं जातं. परिसराचा निकाल मात्र दोन शब्दांत लागतो: "शांत आहे" नाहीतर "गजबजलेला आहे". गळका नळ आठवड्यात बदलता येतो. समोरचा सहापदरी रस्ता बदलायला महापालिकाच लागते, आणि तीही बहुधा तो आठपदरीच करते.

चर्चेसाठी एक उदाहरण घेऊ. घरात ४ आणि ११ वर्षांची दोन मुलं, काठी घेऊन चालणारे एक आजोबा, आणि दोघं नोकरी करणारे. पर्याय दोन. 'क' वस्ती शहराच्या कडेला, मोठं घर, शांत रस्ता, कामाला जायला ५५ मिनिटं. 'ख' वस्ती जुनी आणि दाट, घर लहान, आवाज भरपूर, पण काम ३० मिनिटांवर आणि दुकानं पायाशी. भाडं जवळपास सारखंच धरा.

कोणती निवडावी हे नका सांगू. निवडताना काय काय मोजावं, कधी मोजावं आणि लोक कुठे फसतात ते सांगा.

सहज_विचारलं
बजेट सांगा. कसोट्या आपोआप कमी होतील.

टेपमाप
नकाशा उघडण्याआधी कागद घ्या आणि घरातली माणसं आठवड्यात घराबाहेर किती वेळा आणि कुठे जाणार ते लिहा. शाळा ५, पाळणाघर ५, काम ५ गुणिले २, किराणा-भाजी ३, मैदान ६, दवाखाना महिन्यातून एक, नातेवाईक महिन्यातून दोन. ज्या फेरीचा आकडा मोठा, तिला वजन मोठं. बहुतेक जण उलटं करतात. महिन्यातून एकदा जायच्या मॉलचं अंतर पाहतात आणि रोज जायच्या मैदानाचं पाहत नाहीत.

दोन चुका फार होतात.

एक म्हणजे सोडणाऱ्याचा हिशोब विसरणं. शाळा १२ मिनिटं चालत असेल तर मुलाच्या फेऱ्या दोन, पण सोडणाऱ्याच्या चार: नेऊन परत, आणायला जाऊन परत. म्हणजे ४८ मिनिटं. १२ ऐवजी ६ मिनिटांची शाळा मिळाली तर रोज २४ मिनिटं सुटतात. मूल एकटं जायला लागेपर्यंत हा हिशोब चालू राहतो.

दुसरी चूक सरळ रेषेची. जाहिरातीतलं "शाळा ४०० मीटरवर" हे अंतर पट्टी ठेवून काढलेलं असतं. गल्ल्या एकमेकींना नीट जोडलेल्या असतील तर प्रत्यक्ष चालणं त्याच्या सव्वा ते दीडपट भरतं. मध्ये रेल्वेरूळ, नाला किंवा लांबलचक कुंपण असेल तर दुप्पट-तिप्पटही. फोनवर चालण्याचा मार्ग लावून बघा, आणि मग तो खरंच चाला. नकाशाला बंद फाटक दिसत नाही.

बोका
"हाकेच्या अंतरावर" असं लिहिलेलं असलं की कोणाच्या हाकेच्या ते विचारायचं.

रातकिडा
टेपमापांशी सहमत. पण अंतर कायम तेच राहतं, वस्ती मात्र घड्याळाप्रमाणे बदलते. एजंट घर दाखवतात बहुधा सकाळी ११ ते १ च्या दरम्यान, कारण त्या वेळी कुठलीही गल्ली सभ्य दिसते. किमान चार वेळा जायला हवं:

कामाच्या दिवशी सकाळी, शाळेच्या वेळेआधी अर्धा तास. गाड्या कुठे तुंबतात, आतली गल्ली शॉर्टकट म्हणून वापरली जाते का, मुलं पायी जाताना दिसतात का.

शाळा सुटताना. मुलं रस्त्यावर रेंगाळतात की थेट गाडीत कोंबली जातात? रेंगाळत असतील तर चांगली खूण.

संध्याकाळी ६ ते ७. मैदानात कोण आहे? फक्त मोठी मुलं असतील तर लहानांना जागा मिळत नाही. फक्त लहान आणि त्यांचे पालक असतील तर अकरा वर्षांच्या मुलानं काय करायचं?

रात्री साडेदहाच्या पुढे. दिवे रस्त्यावर पडतात की फुटपाथवरही? झाडाच्या फांदीनं दिवा झाकलाय का? बसथांब्यापासून दारापर्यंतच्या वाटेत पूर्ण अंधाराचे किती तुकडे आहेत ते मोजा.

जमलं तर पाचवी फेरी, भर पावसात.

आणखी एक. रात्री ८ ते ९ च्या मध्ये समोरच्या इमारतींत किती खिडक्यांत उजेड आहे ते मोजा. ४० पैकी १२ घरांतच दिवा असेल तर उरलेली घरं गुंतवणुकीची आहेत किंवा थोड्या दिवसांच्या पाहुण्यांना दिलेली आहेत. अशा ठिकाणी शेजार तयार व्हायला वेळ लागतो, कधी होतच नाही.

बोका
चौथ्या फेरीला रखवालदार सलाम ठोकतो, पाचव्या फेरीला पोलिसांना फोन करतो. मधल्या वेळात घर घेऊन टाका.

गणिती
रहदारी डोळ्यांनी "जास्त-कमी" ठरवू नका, मोजा. सोपी रीत: सगळ्यात गर्दीच्या वेळी १० मिनिटं उभं राहून दोन्ही बाजूंच्या गाड्या मोजा. सहाने गुणलं की तासाचा आकडा. गर्दीच्या एका तासात दिवसभराच्या रहदारीचा साधारण दहावा हिस्सा असतो, म्हणून पुन्हा दहाने गुणा. १० मिनिटांत ३४ गाड्या आल्या तर दिवसाला सुमारे २०००. १३३ आल्या तर ८०००. २६७ आल्या तर १६०००.

हे तीन आकडे मुद्दाम घेतले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांची तुलना केली होती, साधारण याच रहदारीच्या. हलक्या रहदारीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी ३ मित्र होते, मधल्यावर १.३, जड रहदारीच्या रस्त्यावर ०.९. हलक्या रस्त्यावरचे लोक अख्ख्या गल्लीला "आमची जागा" म्हणत, जड रस्त्यावरचे फक्त आपल्या इमारतीला.

आता वेग. ताशी ३० किमीने येणाऱ्या गाडीसमोर मूल धावलं, तर चालकाला भान यायला एक सेकंद धरून गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगाला त्या एका सेकंदातच गाडी जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा पाय ब्रेकवरही पडलेला नसतो. त्यामुळे गल्ली रुंद आणि सरळ दिसली की "वा, ऐसपैस!" म्हणू नका. वाकडी, अरुंद, गतिरोधक असलेली गल्ली मुलांसाठी बरी.

शंकासुर
गणिती, तीन रस्ते म्हणजे अभ्यास की किस्सा? शिवाय ज्यांना परवडतं ते शांत रस्त्यावर राहतात, जास्त काळ राहतात, म्हणून त्यांचे मित्र जास्त. गाड्यांचा दोष किती आणि भाड्याचा किती?

दुसरं, सगळे "गाड्या कमी = सुरक्षित" धरून चाललेत. ज्या गल्लीत रात्री नऊनंतर चिटपाखरू नसतं तिथून मुलीला क्लासहून एकटं येऊ द्याल का? शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं की रस्त्याला सुरक्षित ठेवतात ते त्यावर असणारे डोळे: दुकानदार, खिडकीतली माणसं, येणारे-जाणारे. उंच आंधळी कुंपणभिंत, मागे गाड्यांची पार्किंग आणि वर बारावा मजला, यात डोळे कुठून येणार?

गणिती
पहिला मुद्दा मान्य, नमुना छोटाच होता. पण ब्रेक लागायचं अंतर हे समाजशास्त्र नाही, ते भाड्याप्रमाणे बदलत नाही.

दुसऱ्या मुद्द्याला अनुमोदन. गाड्या कमी आणि माणसं जास्त, असा रस्ता शोधायचा. गाड्या मोजताना दुसऱ्या हातानं पायी माणसंही मोजा.

उंबरठा
आत्तापर्यंत सगळे प्रतिसाद पावणेसहा फुटांवरून लिहिलेत :) तीन वर्षांचं मूल सुमारे ९५ सेंटिमीटर उंच असतं. नेदरलँड्समधल्या बर्नार्ड व्हॅन लीर फाउंडेशननं याच उंचीवरून आपल्या शहरविषयक उपक्रमाला 'अर्बन९५' हे नाव दिलं. तेवढ्या उंचीवर फोन धरून शाळेच्या वाटेचं चित्रीकरण करा आणि घरी बघा. उभ्या गाड्यांच्या पलीकडचं काही दिसत नाही, गाड्यांचे धुराडे तोंडासमोर येतात, आणि आपल्याला "छोटा दगड" वाटलेला अडथळा गुडघ्याच्या वर असतो.

फुटपाथ पाहताना:

रुंदी मोजा, पण मोकळी. कागदावर २ मीटरचा फुटपाथ खांब, पेट्या आणि उभ्या दुचाकी वजा जाता ७० सेंटिमीटर उरतो. मूल आणि हात धरणारा मोठा माणूस शेजारी शेजारी चालायला १.२ मीटर तरी हवा. समोरून बाबागाडी येणार असेल तर १.८.

सलगता पाहा. पाचशे मीटरमध्ये किती वेळा खाली रस्त्यावर उतरावं लागलं? प्रत्येक उतरणं ही आजोबांच्या दृष्टीनं १५ सेंटिमीटरची पायरी आहे. तीनपेक्षा जास्त वेळा उतरावं लागलं तर फुटपाथ नाहीच असं समजा, कारण लोक मग सरळ रस्त्यावरूनच चालतात.

सिग्नल घड्याळ लावून तपासा. १४ मीटरचा रस्ता धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटरने सुमारे १२ सेकंदांत ओलांडतो. सिग्नलची वेळ बहुधा त्याच हिशोबानं लावलेली असते. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना किंवा चार वर्षांच्या मुलाला साडेसतरा सेकंद लागतात. मध्ये थांबायला दुभाजकाचं बेट आहे का बघा, तेही बाबागाडी मावेल एवढं.

आणि पादचारी पूल असेल तर तो "सोय" म्हणून मोजू नका. ६ मीटर चढायचं म्हणजे १५ सेंटिमीटरच्या ४० पायऱ्या वर आणि ४० खाली. लिफ्ट असेल तर ती चालू आहे का, हा वेगळा धागा होईल.

वाटाड्या
काठी घेऊन चालणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट मोजा: बसायची जागा. दर दीड-दोनशे मीटरवर बाक, कट्टा, पार काहीतरी हवं. नसेल तर आजोबांचं जग हळूहळू इमारतीच्या फाटकापर्यंत आक्रसतं.

माझा मुख्य मुद्दा बस-लोकलचा. जाहिरातीत "११ बसमार्ग" असतात. मार्ग मोजू नका, दोन गाड्यांमधलं अंतर मोजा. दर १० मिनिटांनी बस असेल तर सरासरी थांबणं ५ मिनिटं, वेळापत्रक न बघता निघता येतं. दर ३० मिनिटांनी असेल तर एक चुकली की दिवस कोसळतो, आणि दोन महिन्यांत घरात दुसरी गाडी येते. शेवटची बस किती वाजता, सुट्टीच्या दिवशी किती, आणि पहिल्या थांब्यापासून किती दूर हेही विचारा. पहिल्या दोन-तीन थांब्यांवर बसायला जागा मिळते, आठव्यावर लोंबकळायला.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांचं निरीक्षण प्रसिद्ध आहे: माणूस दिवसाला सरासरी एक तास प्रवासाला देतो, मग पायी असो की आगगाडीनं. ५५ मिनिटं एका बाजूची म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. ब्रूनो फ्राय आणि आलोइस श्टुत्सर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासली तेव्हा लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले, म्हणजे मोठं घर किंवा जास्त पगार यांनी ती भरपाई पुरती होत नव्हती. मोठ्या खोलीची सवय होते, गर्दीत उभं राहण्याची होत नाही.

कान_देऊन
'ख' मधल्या आवाजाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी सुचवलेली मर्यादा दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५३ डेसिबल आणि रात्रीपुरती ४५. भर शहरात ती पाळणारी खिडकी विरळाच, म्हणून दोन घरांची तुलना करा, परिपूर्णता शोधू नका. फोनवरची अ‍ॅप पाच-दहा डेसिबलनं सहज चुकतात. पण एकच फोन, एकच अ‍ॅप, खिडकी उघडी, उशीच्या जागी, त्याच वेळी असं दोन्ही घरांत मोजलं तर फरक विश्वासार्ह मिळतो.

लोकांना धक्का बसतो असं गणित: रहदारी निम्मी झाली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं उतरतो. पण इमारतीच्या मागच्या बाजूला गेलात तर १० ते २० डेसिबल सहज कमी. त्यामुळे "रस्ता कोणता" याच्याइतकंच "झोपायच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला" हे महत्त्वाचं. झाडांची एक रांग आवाज जवळपास अडवत नाही, डोळ्यांना मात्र बरं वाटतं.

सरासरीपेक्षा झोप मोडतात ते सुटे आवाज. त्यांची यादी करून शोधा: बसचा डेपो, जनरेटर, पहाटे माल उतरवणारं दुकान, समारंभाचं सभागृह, शेजारच्या कार्यालयाचे एसी. गतिरोधक गल्लीत हवाच, पण आपल्या खिडकीखाली नको. ब्रेक, धप्प, पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर, असं तालात रात्रभर चालतं.

हवेचं थोडक्यात: मोठ्या रस्त्याचा धूर साधारण १५० ते ३०० मीटरमध्ये विरळ होत आसपासच्या पातळीला येतो. दोन गल्ल्या आत घर घेतलं तर आवाज आणि धूर दोन्हींत फरक पडतो आणि बसथांबाही हातचा जात नाही.

बोका
म्हणजे घर रस्त्याला लागून पण नको, रस्त्यापासून लांब पण नको, निर्जन नको, गजबज नको, वाकडी गल्ली हवी पण बाबागाडी सरळ जायला हवी. स्थळ शोधताय की घर?

तिसरी_घंटा
शाळेवर कोणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटतंय, कारण निम्मी घरं त्याच नावावर विकली जातात.

चांगली शाळा जवळ असणं आणि त्या शाळेत जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी. विचारायचे प्रश्न: या पत्त्याचा समावेश प्रवेशाच्या हद्दीत आहे का, हद्द गेल्या काही वर्षांत बदलली का, मधल्या इयत्तेत जागा किती निघतात (अकरा वर्षांच्या मुलाला पहिलीतल्या जागांचा उपयोग नाही), आणि धाकट्याला भावंड म्हणून प्राधान्य मिळतं का. उत्तरं शाळेच्या कार्यालयातून घ्या, एजंटकडून नाही.

"प्रस्तावित शाळा", "प्रस्तावित उद्यान", "प्रस्तावित मेट्रो" यांना शून्य गुण द्या. पाया दिसला तर अर्धा.

उलट रिकाम्या भूखंडाला उणे गुण. आज तिथून वारा येतो, उद्या तीन वर्षं खोदकाम. शहराचा विकास आराखडा बघा, रस्तारुंदीची रेषा कुठून जाते ते बघा. कधी कधी ती मैदानातून जाते.

उंबरठा
शाळेला लागूनच घर हवं असं नाही, एवढी भर. शाळा मध्यभागी आणि मोठे रस्ते हद्दीवर ही कल्पना अमेरिकन नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडली, चालायचं अंतर पाव मैल म्हणजे ४०० मीटर धरून. त्यातला खरा अर्क अंतर नाही, शाळेत जाताना एकही मोठा रस्ता ओलांडावा लागू नये हा आहे. ९०० मीटर आतल्या गल्ल्यांतून चालणं ३०० मीटर अधिक एक चौक यापेक्षा बरं. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट बांधता येत नाही.

सहज_विचारलं
एवढं सगळं करण्यापेक्षा फाटक-रखवालदारवालं मोठं संकुल घ्या ना. आत बाग, आत गाड्या नाहीत, सगळे प्रश्न संपले.

शंकासुर
प्रश्न फाटकापर्यंतच संपतात. संकुलाची मागची भिंत बघा. भिंतीपलीकडे ६० मीटरवर दुकान असतं आणि फाटकातून वळसा घालून ६०० मीटर होतात. मग दुधाला गाडी निघते. शिवाय दहा वर्षं आतच खेळलेल्या मुलाला अकराव्या वर्षी रस्ता ओलांडता येत नाही.

उंबरठा
शंकासुर, थोडं अन्याय्य होतंय. चार वर्षांच्या मुलासाठी गाड्या नसलेलं अंगण फार मोलाचं आहे, दाराबाहेर सोडलं की झालं. फक्त "गाड्या नाहीत" हे खरं आहे का ते बघायचं: सामान पोचवणाऱ्या दुचाक्या कुठून फिरतात, पार्किंगचा चढ खेळायच्या जागेत तर उघडत नाही ना. मागचं छोटं दार आहे का आणि ते किती ते किती उघडं असतं. संध्याकाळी सातला बंद होणारं दार असून नसल्यासारखं.

मजल्याचाही विचार करा. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांचं म्हणणं आहे की साधारण पाचव्या मजल्यापर्यंतच खालच्या रस्त्याशी नातं टिकतं. तिसऱ्या मजल्यावरून मुलाला हाक मारता येते. चौदाव्यावरून फोन करावा लागतो आणि तो उचलला जात नाही.

बोका
हाकेचं अंतर उभं मोजायचं तर. बघा, माझा प्रतिसाद वाया गेला नाही.

निळी_रेघ
पाणी. सगळे विसरलात. पाऊस नसताना पूर शोधायच्या खुणा:

कुंपणभिंतीवर जमिनीला समांतर मळकट रेघ. लोखंडी फाटकाचा खालचा हातभर भाग गंजलेला, वरचा धड. विजेचे मीटर मुद्दाम छातीच्या वर बसवलेले. तळमजल्याच्या दाराशी नंतर बांधलेला उंबरा. पार्किंगच्या कोपऱ्यात कायमचा पंप. रस्त्यावर डांबराचे थर चढत जाऊन जुन्या इमारतींची जोती रस्त्याच्या खाली गेलेली. यातल्या तीन खुणा दिसल्या तर तिथलं पाणी पाहुणं नाही, रहिवासी आहे.

गल्लीच्या, वस्तीच्या जुन्या नावात नाला, ओढा, तळं असं काही असेल तर कान टवकारा. उंचसखलपणाचा नकाशा बघा आणि आपलं घर पाणी वाहून येतं त्या घळीत आहे का ते तपासा. वरचा मजला असला तरी सुटका नाही: लिफ्टचं यंत्र, पंप, गाडी आणि शाळेची वाट खालीच असते.

तेरावं_वर्ष
धागा घसरगुंडी-बाबागाडीत अडकलाय. घर दहा वर्षांसाठी बघत असाल तर चार वर्षांचं मूल चौदाचं होणार आणि अकराचं तर तीनच वर्षांत. त्या वयाला झोका नको, स्वतःहून जाता येण्यासारखी चार ठिकाणं हवीत: वाचनालय, खेळाचं मैदान, मित्राचं घर, आणि काही न घेता नुसतं बसता येईल अशी एखादी जागा.

इंग्लंडमध्ये संशोधक मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात, १९९० मध्ये ९ टक्के. मुलं बावळट झाली नव्हती, रस्ते बदलले होते. म्हणून कसोटी अशी लावा: अकरा वर्षांचं मूल मोठ्यांच्या मदतीशिवाय या वस्तीत किती ठिकाणी जाऊ शकतं? शून्य असेल तर पुढची सात वर्षं घरातलं कुणीतरी चालक आहे.

'क' वस्ती इथे बहुधा आपटते. लहानांना स्वर्ग, किशोरांना कोंडवाडा.

गणिती
+१. हा मुद्दा पहिल्या पानावर हवा होता.

टेपमाप
मैदानाबद्दल, अंतराच्या पलीकडचं. शहरातल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनायनेन्डाइक यांचा २०२१ चा ३-३०-३०० नियम लक्षात ठेवायला सोपा: घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, बाग ३०० मीटरच्या आत असावी. मुलांसाठी मात्र बागेत जाऊन हे बघा: दुपारी चारला सावली कुठे पडते (धातूच्या घसरगुंडीला हाताची मागची बाजू लावा, पाच सेकंद टेकवता आली नाही तर मुलांनाही बसता येणार नाही). झोक्याखाली काय आहे, वाळू किंवा लाकडाचे तुकडे साधारण ३० सेंटिमीटर खोल हवेत. वर पातळ थर आणि खाली सिमेंट असं नको, काडी खुपसली की कळतं. फाटक रस्त्यावर थेट उघडतं का. स्वच्छतागृह आहे का आणि त्याला कुलूप आहे का. "गवतावर चालू नये" अशी पाटी असेल तर ती बाग नाही, चित्र आहे.

शंकासुर
गुन्ह्यांच्या नकाशाबद्दल कुणी विचारायच्या आत: बाजारपेठेच्या भागात दर हजार रहिवाशांमागे गुन्हे भयंकर दिसतात, कारण रहिवासी थोडे आणि दिवसभर येणारे लाखभर. एकूण आकडा सोडा, प्रकार आणि वेळ बघा. पाकीटमारी आणि घरफोडी यांचा मुलांच्या येण्याजाण्यावर सारखा परिणाम होत नाही.

पागोळी
धागा अपेक्षेपेक्षा खूप कामाचा झाला. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही: 'क' की 'ख'?

टेपमाप
कामाच्या फरकापासून सुरू करू. २५ मिनिटं एका बाजूला, ५० रोज, २२ दिवस: महिन्याला एका माणसाचे १८ तासांहून जास्त. दोघांचे ३६. 'क' मधली जास्तीची खोली या ३६ तासांच्या बदल्यात मिळते, असं मांडलं की घासाघीस सोपी होते. अकरा वर्षांच्या मुलाची बाजू 'ख'कडे, आजोबांची फुटपाथ कसा आहे त्यावर, चार वर्षांच्याची गल्ली कशी आहे त्यावर. माझा कल 'ख', पण अट अशी की घर मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत असावं आणि झोपायची खिडकी मागच्या बाजूला.

कान_देऊन
आणि खिडकीखाली गतिरोधक नसावा.

वाटाड्या
'क' मध्ये दर १० मिनिटांनी थेट गाडी असेल आणि पहिल्या थांब्यावर बसायला मिळत असेल तर माझं मत फिरेल. बसून ५५ आणि उभं राहून ५५ हे एकच नव्हे.

उंबरठा
विकत घेत असाल तर आधी त्याच वस्तीत वर्षभर भाड्यानं राहा. जमलं नाही तर निदान एक अख्खा आठवडा तिथे मुक्काम करून शाळा-कामाच्या वेळा खऱ्याखुऱ्या पाळून बघा. सुट्टीचा आठवडा धरू नका.

पागोळी
ठरलं. 'ख' मधल्या दोन गल्ल्यांत या रविवारी गाड्या मोजते, फुटपाथची टेप घेऊन.

रातकिडा
रविवारी??

गणिती
पागोळीताई, मंगळवार. सकाळी पावणेआठ. १० मिनिटं. रविवारच्या आकड्याला दहाने गुणलं तर अख्खं शहर राहण्याजोगं निघेल.

बोका
रविवारी टेप लावून घ्या, फुटपाथ कुठे जात नाही. असला तर.